मिरजेत तंबोरा करून घेतला, त्याबद्दल सविस्तर

तंबोरा घ्यायचा असेल तर मिरजेला स्वतः जा आणि आपली पट्टी (ज्या सुरावर तुमचा सा असतो ती) ठरवून जा. खाली बरंच लिहिलंय पण घाईत असाल तर एवढं वाचलंत तरी चालेल.

मी गाणं शिकवते, माझी पट्टी काळी चार, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी. क्लासमध्ये रोज तंबोरा लागतो. मोबाईलवरचा तानपुरा प्रवासात वगैरे ठीक आहे, मीही वापरते, पण शिकणाऱ्या मुलांच्या कानावर खरी तार पडायलाच हवी असं माझं ठाम मत आहे, कारण ॲपमधला सूर तयारच मिळतो, तो लावावा लागत नाही, आणि तंबोरा लावता लावताच अर्धं स्वरज्ञान होतं. माझ्याकडे आधी एक तंबोरा होता तो एका ऑनलाइन दुकानातून आलेला, नाव लिहीत नाही. फोटोत दिसायला एकदम देखणा, पांढरी नक्षी, चकचकीत पॉलिश, पण खर्ज (सगळ्यात खालच्या सा ची तार) छेडला की नुसता ढब्ब आवाज यायचा आणि पंचमाची तार मात्र झणझणत राहायची, मधल्या दोन्ही जोडीच्या तारा एकमेकींत कधी मिसळल्याच नाहीत. तक्रार केली तर उत्तर आलं की तारा बदलून बघा. तारा बदलल्या, काही फरक नाही, कारण दोष तारांत नव्हताच, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर होता. ते पुढे सांगतेच.

तर यावेळी ठरवलं की मिरज. महालक्ष्मीने गेलो, पहाटे उतरलो, चहा-पोहे करून सतारमेकर गल्लीत. मी कुठल्या दुकानातून घेतला ते मुद्दाम लिहीत नाहीये, कारण एक तर तिथे पाटीपाटीवर आडनाव तेच, सतारमेकर, आणि दुसरं म्हणजे दुकानापेक्षा घोडीवर हात कुणाचा चालतो त्यावर सगळं ठरतं. दोन-चार ठिकाणी बसा, तयार तंबोरे वाजवून बघा, जिथे माणूस स्वतःहून तुमची पट्टी विचारतो तिथे थांबा. आम्ही जिथे थांबलो तिथल्या चाचांनी पहिला प्रश्न हाच केला, बजेटचं नंतर. मी काळी चार म्हटल्यावर म्हणाले, "एकदा सा लावून दाखवा की ताई." मी लावला. मग म्हणाले पंचम लावा. त्यावरून त्यांनी तारांची जाडी ठरवली आणि भोपळा कुठला घ्यायचा तेही. पुरुषी तंबोऱ्याचा भोपळा मोठा असतो, घेर 50 इंचांच्या पुढे जातो, बायकांच्या पट्टीला तेवढा लागत नाही. काही जणी मोठा आवाज हवा म्हणून पुरुषी तंबोरा घेऊन त्यावर काळी चार चढवतात, त्याने तारा सारख्या तुटतात आणि दांडीवरही ताण येतो, तसं करू नका असं चाचांनी स्पष्ट सांगितलं.

हे सगळं मिरजेतच का, याची गोष्ट बऱ्याच जणांना अर्धवट माहीत असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब नावाचे कारागीर होते, घराणं शिकलगारांचं, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारं. पेशवाई गेली, संस्थानांच्या फौजा नावापुरत्या राहिल्या, हत्यारांचं काम आटलं. पण मिरजेचे संस्थानिक पटवर्धन यांच्या दरबारात गवयांची ये-जा होती आणि त्यांची वाद्यं दुरुस्तीला लांब पाठवावी लागायची, तर ती दुरुस्त करता करता या लोकांनी नवीनच करायला घेतली. धातू आणि लाकूड दोन्हीची हाताला सवय होतीच. आज त्याच घराण्याच्या पुढच्या पिढ्या आणि त्यांच्याकडे शिकलेले कारागीर हे काम करतायत. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला वेगवेगळं जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, त्यामुळे आता 'मिरज' नाव लावून कुठलाही माल विकता येणार नाही, निदान कागदावर तरी. ऑनलाइन घेणाऱ्यांनी हे विचारायला सुरुवात करा, मिरजेत केलाय का आणि कुणी केलाय.

आणि दरबार म्हणजे नुसता शोभेचा नाही हं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, ज्यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली, ते मिरजेत होते. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांचे डोळे लहानपणी फटाक्याने अधू झाले, उपचारांसाठी त्यांना मिरजेला आणलं आणि तिथेच बुवांकडे त्यांचं गाणं सुरू झालं. त्याच पलुस्करांनी पुढे 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आपण सगळे प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा म्हणून ज्या परीक्षा देतो त्यांची मुळं अशी या गावापर्यंत पोहोचतात. बालगंधर्वांनी 1905 साली किर्लोस्कर मंडळीत शकुंतला उभी केली तीही मिरजेतच, आणि हिराबाई बडोदेकरांचा जन्मही त्याच वर्षी मिरजेतला. मग किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब, ते तर मिरजेचेच होऊन राहिले, 1937 मध्ये मद्रासहून पाँडिचेरीकडे प्रवासात असताना गेले पण दफन मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं. खाँसाहेबांना वाद्य दुरुस्त करण्याचा नाद होता, जवारी (घोडीचा माथा घासून आवाज जुळवणं) स्वतः काढायचे असं सांगतात, आणि किराण्याची गायकी ऐकली की ते पटतं, सगळी इमारत तंबोऱ्याच्या सुरावर उभी आहे.

आता वस्तूबद्दल. भोपळा कडू भोपळा असतो, खायचा नाही, तो पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो. वेलीवरच पूर्ण पिकू द्यायचा, मग महिनोन्‌महिने वाळवायचा, मग कापायचा, पाण्यात भिजवून तोंड हवं तसं पसरून घ्यायचं, आतला गर खरवडून काढायचा. भीमेला पूर आला किंवा अवकाळी पाऊस झाला की त्या वर्षी चांगला गोल भोपळा मिळणं मुश्किल. चाचा म्हणाले शेतकऱ्यांना उसाचे पैसे दिसतात, भोपळ्याला कोण जागा देणार, पूर्वी निवडून घ्यायचो आता मिळेल तो घेतो. दांडी आणि तबली (भोपळ्याच्या तोंडावरची फळी) तुणीच्या लाकडाची, हलकं असतं आणि आवाज धरतं. मला जुन्या पद्धतीचं लाखेचं पॉलिश हवं होतं आणि नक्षी कमीत कमी, ते ऐकून त्यांना जरा आश्चर्य वाटलं कारण बहुतेक गिऱ्हाइकं नक्षी वाढवून मागतात. नक्षीने आवाजात काही भर पडत नाही, पैसे मात्र वाढतात, तेव्हा तो पैसा लाकडात आणि जवारीत घाला असं मी म्हणेन.

जवारी हाच खरा मुद्दा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तबलीवर जी रुंद घोडी असते तिचा माथा सपाट दिसतो पण सपाट नसतो, अगदी किंचित उतार असतो, त्या उतारावर तार टेकत टेकत पुढे जाते आणि कंप पावताना घोडीला हलकेच शिवत राहते. मधे सुती दोरा सरकवला की तार नेमकी कुठे टेकणार ते ठरतं. तो भरून आल्यासारखा, गुंजणारा आवाज येतो तो इथून. तंबोरा तयार झाल्यावर चाचांनी घोडी मांडीवर घेतली, बारीक कानशीने दोन हात मारले, बोट फिरवलं, परत जागेवर ठेवली, तारा चढवल्या, खर्ज छेडला, मान हलवली, परत उतरवली. हे किती वेळा झालं असेल सांगता येणार नाही. मधेच घोडीवर पेन्सिलीने घासून बघायचे, तार जिथे घासली तिथे पेन्सिल पुसली जायची, त्यावरून कुठे उंच राहिलंय ते कळायचं. शेवटी दोरा पंचमाखाली अगदी केसभर पुढे ढकलला आणि एकदम आवाज उघडला, चारही तारा एकात एक. मग मला म्हणाले, "खर्जात गंधार ऐकू येतोय का बघा." आला, स्वच्छ आला, मी नुसता खर्ज छेडत होते आणि वरून गंधार बोलत होता. माझ्या आधीच्या तंबोऱ्यात तो कधीच बोलला नव्हता. मला अगदी भरून आलं तिथे.

लगेच पैसे द्यायला काढले तर म्हणाले, "बसा की, तार ताजी हाय, अजून उतरणार. उद्या ऐका, मग बोला." दुसऱ्या दिवशी परत गेलो, तारा बऱ्यापैकी उतरल्या होत्या, परत लावून घेतल्या, एका जोडीच्या तारेखालचा दोरा परत हलवला, आणि मगच त्यांनी ताब्यात दिला. ही एक रात्र थांबायची तयारी ठेवा. जवारी उघडी हवी की बंद हेही आधी सांगा. उघडी म्हणजे झणकार जास्त, बंद म्हणजे गोल, शांत आवाज. मला मधली हवी होती, कारण वर्गात पाच-सहा मुलं गाताना फार झणझणीत आवाजात त्यांचे स्वतःचे स्वर त्यांना ऐकू येत नाहीत.

यामागचं शास्त्रही भारी आहे. सी. व्ही. रामन यांनी कलकत्त्यात असताना 1921 साली तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर पेपर लिहिला होता, नोबेल 1930 चं, म्हणजे त्याच्या बराच आधी. साधारण नियम असा की तार ज्या जागी छेडली त्या जागी ज्या वरच्या स्वरांचा बिंदू स्थिर असतो ते स्वर उमटायला नकोत. रामननी दाखवलं की आपल्या वाद्यांत ते उमटतात, आणि चांगले जोरात उमटतात, कारण पाश्चात्त्य वाद्यांसारखी तार एका धारेवर टेकत नाही, वळलेल्या घोडीवर टेकते. म्हणजे चाचा ज्याला "गंधार बोलला पाहिजे" म्हणतात तेच रामन मोजून सांगत होते. मला हे वाचून फार आनंद झाला होता आणि मी क्लासमधल्या मोठ्या मुलांना आता हे शिकवते.

पुस्तकांचं पण बोलते कारण मी जायच्या आधी बरंच वाचून गेले होते. याच पट्ट्यातल्या सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल होते, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, त्यांनी 22 श्रुतींवर (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांवर) 1910 साली पुण्यातून इंग्रजीत पुस्तक काढलं. श्रुतींच्या या कामात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार होता आणि पुढे क्लेमेंट्स नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याबरोबर मिळून श्रुती हार्मोनियम लंडनहून करून घेतली. आणि गंमत अशी की त्याच 1910 मध्ये संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' या ग्रंथाचा पहिला भाग आला, मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादात लिहिलेला. दोघांचं श्रुतींबद्दल जमलं नाही, 1916 च्या बडोद्याच्या परिषदेत त्यावरून चांगलाच वाद झाला. भातखंडे मराठीतूनच वाचा, हिंदी भाषांतर सगळीकडे मिळतं पण मूळ मराठीची चव वेगळी आहे, आपल्या घरातल्या कुणा जाणत्या माणसाने समजावून सांगावं तशी भाषा आहे. देवलांचं वाचायला जड आहे, आकडे आकडे आहेत, पण शेजारी लावलेला तंबोरा ठेवून वाचलंत तर कानाने पडताळून बघता येतं.

मात्र एक गोष्ट मला मनापासून खटकते. गवयांवर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलंय, चरित्रं, आठवणी, घराण्यांची चर्चा, बंदिशींचे संग्रह, पण ज्यांनी ही वाद्यं केली त्यांच्याबद्दल वाचायला गेलं की एखादा लेख, एखादा परिच्छेद, कुणाच्या आठवणीत आलेलं एखादं वाक्य. फरीदसाहेबांनंतर कुणी काय बदल केला, भोपळ्याचे आकार कधी बदलले, हस्तिदंत गेल्यावर घोडीला काय काय वापरून बघितलं, कुठल्या गवयाने काय मागितलं, हे सगळं त्या गल्लीतल्या माणसांच्या डोक्यात आहे आणि त्यांची मुलं आता दुसऱ्या नोकऱ्यांत जातायत. चाचांनी बोलता बोलता जे सांगितलं तेवढ्याचंच एक प्रकरण होईल. मिरजेच्या कारागिरांवर मराठीत एक नीट, सचित्र, तारा-लाकूड-मापांसकट पुस्तक व्हायला पाहिजे, कुणी विद्यापीठातलं किंवा प्रकाशनातलं वाचत असेल तर प्लीज मनावर घ्या. पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुनी वाद्यं बघायला मिळतात, जरूर जा, पण काचेपलीकडचं वाद्य बोलत नाही ना, आणि ते कुणाच्या हातचं आहे हेही कळत नाही.

आता तक्रारी. एक, तारीख पाळली नाही. ऑर्डर दिली तेव्हा सांगितलेला महिना उलटून गेला, फोन केला की "लाकूड वाळतंय", परत केला की "पॉलिश चालूय". लाकूड ओलं असताना घाई करू नये हे मान्य, पण मग पहिल्यांदाच मुदत लांब सांगा, आम्ही सुट्ट्या त्याप्रमाणे काढतो. दोन, पावतीवर नुसतं 'तंबोरा 1' आणि रक्कम. लाकूड कुठलं, भोपळ्याचा घेर किती, घोडी हाडाची की फायबरची, काही नाही. मी मागितल्यावर लिहून दिलं, तुम्हीही मागून घ्या, आणि आता जीआय मिळालंय तर हे दुकानदारांनी आपणहून सुरू करायला हवं. तीन, एक खुंटी सारखी घसरायची. खडू लावून भागेल म्हणाले, मी आग्रह धरला तेव्हा परत बसवून दिली. निघण्याआधी प्रत्येक खुंटी फिरवून बघा.

पैशांचं म्हणाल तर मला तंबोऱ्याचे 32 हजार पडले, फायबरची पेटी वेगळी. याहून स्वस्तही मिळतात आणि खूप महागही. माझ्या मते किंमत वाजवी आहे, एवढं हाताने होणारं काम आणि त्यात भोपळ्यापासून पॉलिशपर्यंत इतकी माणसं गुंतलेली. पेटीत मात्र कंजूषी करू नका. कापडी पिशवीत घालून रेल्वेने आणलेले भोपळे तडकलेले मी पाहिलेत, आणि भोपळ्याला तडा गेला की सांधता येतो पण आवाज पहिल्यासारखा राहील याची खात्री नाही. कुरिअरने पाठवतो म्हणाले होते, मी नको म्हटलं, वरच्या बर्थवर आडवा ठेवून स्वतः आणला.

घरी आल्यावर पहिला पावसाळा नीट काढला. मी ठाण्यात राहते, इथली दमट हवा म्हणजे तारांना गंज ठरलेला, त्यामुळे वाजवून झाल्यावर कोरड्या मऊ कापडाने तारा पुसायच्या, पितळी खर्ज काळी पडली की बदलायची, आणि पेटी भिंतीला चिकटवून ठेवायची नाही. मणी वर-खाली करून बारीक सूर मिळवायचा, प्रत्येक वेळी खुंटी पिळायची नाही, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. वर्षभर वाजवल्यावर तारांच्या घासण्याने घोडीवर रेघा पडतात आणि जवारी बिघडायला लागते, आवाज आधी चिरका होतो मग बसतो. पहिली जवारी फुकट काढून देऊ असं चाचांनी सांगितलंय. डिसेंबरात सवाई गंधर्वला वाद्यवाले येतात तिथेही काम करून मिळतं पण त्या गर्दीत जवारीला लागणारी शांतता नसते, मी पुन्हा मिरजेलाच नेणार.

कुणासाठी नको ते पण सांगते. मूल नुकतंच शिकायला लागलंय, टिकेल की नाही माहीत नाही, तर लगेच मोठी ऑर्डर देऊ नका, शिक्षकांचा तंबोरा लावायला शिकू दे आधी. आणि ज्यांना तंबोरा लावता येत नाही पण दिवाणखान्यात ठेवायचाय, त्यांनी चांगल्या कारागिराचा वेळ अडवू नये असं मला वाटतं, सजावटीचे वेगळे मिळतात.

जायच्या आधी फोन करून चाचांसारखा जवारीचा माणूस त्या दिवशी बसणार आहे ना ते विचारा, तो बाहेरगावी असेल तर दुकान उघडं असून उपयोग नाही. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात आणि उरुसात दर्ग्यात गाणं असतं, त्या दिवसांत गेलात तर ऐकणं होईल पण काम उरकणार नाही. सोबत आपली नेहमीची हार्मोनियम किंवा निदान ट्यूनर न्या, काळी चार म्हटलं तरी प्रत्येक हार्मोनियममध्ये थोडा फरक असतो. आणि ऑर्डर देताना ॲडव्हान्स अर्ध्याच्या वर देऊ नका, बाकीचे गंधार ऐकल्यावर.